गिरगावकरकाका, तो चिमटा माझाच होता

गिरगावकरकाका, नमस्कार.

(तुम्ही टोपणनावाने लिहिता, पण प्रतिक्रियेत "बहात्तरी उलटली" असं म्हटलंय, म्हणून काका म्हणतोय. चालेल ना?)

'आंबोलीतल्या तीन रात्री' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा बोरिवली लोकलमध्ये उभ्याने, आणि राग शांत झाल्यावर एकदा घरी बसून. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काकांचं गाव आंबोली घाटाच्या पायथ्याशी, पण आयुष्य गेलं गिरगावात. त्यांचं म्हणणं असं: बेडकांच्या मागे काळाकुट्ट पडदा दिसतो, म्हणजे हे फोटो घरात टेबलावर काढलेत. पानांचा हिरवा रंग ऑइलपेंट मारल्यासारखा आहे. रात्रीच्या जिवांच्या डोळ्यांत फ्लॅश मारायचा आणि वर निसर्गप्रेमाच्या गप्पा. आंबोलीला 'वर्षावन' म्हणणं हा मुंबईकरांचा भाबडेपणा. जागा लपवायला जंगल काय माझ्या मालकीचं आहे? आणि शेवटी, लेखातल्या चापडा सापाबद्दल, "तो चापडा स्टुडिओत फोटोला बसल्यासारखा कसा बसला हो?" चमकणाऱ्या बुरशीचं मात्र कौतुक केलंय: "तेवढा एक फोटो खरा वाटतो." आम्ही सगळे हौशे, नवशे, गवशे, ही पदवी वेगळीच.

वर्षावनाचं आधी संपवतो, कारण त्यात तुमचं अर्धं म्हणणं मान्य आहे. आंबोलीत वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. नंतर कित्येक महिने कोरडे. विषुववृत्ताजवळ बोर्निओसारख्या ठिकाणी बारा महिने पाऊस, आणि तिथल्या डॅनम व्हॅलीत २०१९ साली मोजलेलं एक झाड शंभर मीटरच्या वर भरलं. आमच्या इथल्या तीस मजली टॉवरएवढं. आपल्याकडे अंजनी, जांभूळ, पिसा अशी बेताच्या उंचीची झाडं. तेव्हा लेखात 'वर्षावन' काढून 'घाटातलं सदाहरित जंगल' केलंय. पण जुलैत कॅमेरा घेऊन त्या झाडांखाली उभ्या राहणाऱ्या माणसाला दोन्हीकडे भोगावं लागतं ते एकच: उजेड नाही, कोरडं काही नाही, आणि जिकडेतिकडे हिरवं.

ऑइलपेंटचं कारणही तेच. घनदाट वर्षावनात जमिनीपर्यंत उजेडाचा जेमतेम एक-दोन टक्का पोचतो. तोही पानांतून गाळून आलेला, म्हणून हिरवा. पांढरं ऑर्किड त्यात काविळीच्या पेशंटसारखं दिसतं. मी फुलाशेजारी एक करडं कार्ड धरून आधी त्याचा फोटो घेतो आणि घरी त्यावरून रंग सरळ करतो. एवढं केल्यावर पानं हिरवी दिसतात, पण ऑइलपेंट म्हणावं इतकी नाहीत. ते काम पोलरायझरचं, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या फिरत्या काचेचं. ओल्या पानावर आभाळ चमकत असतं. प्रत्येक पानावर एक पांढुरका तवंग म्हणा ना. पोलरायझर फिरवला की तो तवंग जातो आणि खालचा रंग वर येतो. त्याची किंमत म्हणजे आधीच नसलेल्या उजेडातला अर्ध्याहून जास्त तो खातो. मग ट्रायपॉड लावा, वारा थांबण्याची वाट पाहा, आणि तेवढ्यात मोज्यातून वर चढणाऱ्या जळवा मोजा. रंग मी वरून चढवलेला नाही. पण तुमच्या डोळ्यांना तिथे उभं राहून पान तसं दिसलं नसतं, हेही खरं.

आता काळा पडदा. काका, गावाला लाइट गेली की कंदील हातात घेऊन मागीलदारी उभे राहिला असाल. हात उजळतो, धोतराचा सोगा उजळतो आणि पंधरा पावलांवरची विहीर कुठे गेली ते कळत नाही. तसंच आहे हे. माझा फ्लॅश बेडकापासून वीतभर लांब, २० सेंटीमीटर धरा. मागची झुडपं दोन मीटरवर. अंतर दहापट वाढलं की उजेड शंभरावा हिस्सा उरतो. त्यात मी अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ-११ वर आणून बारीक केलेलं असतं, कारण एवढ्या जवळून स्पष्ट दिसणारी खोली मिलिमीटर-दीड मिलिमीटरचीच असते. डोळा पकडला तर नाकपुडी सुटते. इतक्या बारीक भोकातून तो शंभरावा हिस्सा काय आत शिरणार? टेबल लागत नाही, काळं कापड लागत नाही. रात्रच पुरते.

आणि ज्या बुरशीच्या फोटोला तुम्ही खरा म्हणालात, त्याची गंमत ऐका. कुजक्या ओंडक्यावरची ती बुरशी मी डोळ्यांनी पाहिली तेव्हा हिरवी नव्हती. टॉर्च विझवून दहा मिनिटं नुसते बसलो होतो. आधी काहीच नाही, मग पायाशी कुणीतरी पिठाचा हात पुसल्यासारखा फिकट, पांढुरका डाग. सरळ पाहिलं की नाहीसा व्हायचा, बाजूला पाहिलं की परत. इतक्या कमी उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. कॅमेरा मात्र दोन मिनिटं उघडा ठेवला होता, तेवढ्या वेळचा सगळा उजेड त्याने साठवला आणि झगझगीत हिरवा डाग दाखवला. म्हणजे सगळ्या लेखात डोळ्यांना दिसलं त्यापासून सर्वांत दूर गेलेला फोटो तुम्ही खरा म्हणून निवडलात! चिडवत नाही. मलाही तोच सर्वांत आवडतो. पण त्या ओंडक्याला मी बोट लावलं नव्हतं, आणि मला वाटतं तुमचा संशय तिथेच होता, रंगावर नव्हता. हे लक्षात ठेवा, चापड्यापाशी परत येऊ.

फ्लॅशबद्दल तुम्ही जे म्हणालात त्याला माझ्याकडे नीट उत्तर नाही, फक्त हिशेब आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर प्रखर उजेड पडला की परत सरावायला वेळ लागतो. आपलंही होतं, समोरून अप्पर मारत गाडी आली की. पूर्वी मी एका बेडकाचे चाळीस-चाळीस फोटो काढायचो. आम्ही सहाजण असायचो. म्हणजे पानावर बसलेल्या अंगठ्याएवढ्या जिवावर २४० वेळा वीज पडायची आणि आम्ही त्याला 'नाइट ट्रेल' म्हणायचो. त्यातला एकजण हमखास मच्छरांचं मलम लावल्या हाताने बेडूक उचलून "अँगल" बघायचा. बेडकाची कातडी म्हणजे ओला टीपकागद, हाताला लागलेलं सगळं आत ओढून घेते. आता हात लावत नाही, एका जिवाचे चार-पाच फोटो आणि पुढे. फ्लॅशवर श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण कापून लावलंय. लाखांच्या सामानाचा टोमणा मारलात म्हणून सांगतो, लेन्स सेकंडहँड आहे, बोरा बाजारातून घेतलेली, आणि एका पावसाळ्यात कपाटात विसरल्यामुळे आत बुरशीचं जाळं धरलेली. ती बुरशी चमकत नाही. तेव्हापासून स्टीलच्या तांदळाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर भाजून परत निळे करतो. झाकणाने फ्लॅशचा उजेड मऊ होतो, पण डोळ्यांत जायचा तो जातोच. तेव्हा तुमचा आक्षेप उरतोच.

तिसऱ्या रात्री मात्र फ्लॅश वापरायची इच्छाच गेली. एका कुंडावर झुकलेल्या फांदीवर मलबारी उडत्या बेडकांची जोडी होती. मादी खाली, पाठीवर नर. ती मागचे पाय आलटून पालटून फिरवत होती, आणि त्यातून फेस वर येत होता, रवीखाली ताक यावं तसा. तो फेस म्हणजे त्यांचं घरटं. अंडी त्यात. पुढे पिल्लं त्यातून सुटून खाली पाण्यात पडतात, म्हणून तर पाण्यावरचीच फांदी हवी. लाल काचेची बारीक बॅटरी लांब ठेवून तासभर बघत बसलो. पायांच्या मधल्या लालभडक पडद्यांना फेस चिकटत होता आणि ती तो पानाच्या कडेला पुसत होती. तीन फोटो घेतले, तिन्ही हललेले. लेखात टाकले नाहीत, कारण दाखवण्यासारखे नव्हते.

जागेचं म्हणाल तर तिथे मी माघार घेणार नाही. जंगल माझ्या मालकीचं नाही, म्हणूनच पत्ता वाटायचा हक्क मला नाही. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लिहिलेले असू शकतात. बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. मी ते पुसूनच फोटो चढवतो. आंबोलीचा छोटा भेक, म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक, शास्त्रज्ञांनी नाव देऊन नोंदवला २००९ साली. जांभ्याच्या सड्यावर, इतक्या थोड्या जागेत तो राहतो की त्याची गणना अतिसंकटग्रस्तांत होते. पावसाच्या सुरुवातीला तो रस्त्यावर येतो. त्याच आठवड्यात मुंबई-पुण्याच्या गाड्याही त्याच रस्त्यावर येतात. कुठे लपवणं शक्यच नसतं हेही मान्य. हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यातला मासा २०२० साली नव्याने नोंदवला गेला, आणि नावच पडलं 'हिरण्यकेशी'. पत्ताच नावात! तिथे २०२१ साली सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली, ते बरं झालं. प्रत्येक झुडपाला असं नशीब नसतं. आमच्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २०२४ साली आठ वर्षांनी कारवी फुलली, तेव्हा फुलाशेजारी सेल्फी काढायला कारवीतच शिरणारी माणसं मी पाहिली आहेत. एका कॉलेजकुमाराला मी स्वतः हाक मारून बाहेर काढलं. तो म्हणाला, "अंकल, परत आठ वर्षांनी कुठे येऊ?" यावर मला काही सुचलं नाही.

आता चापडा. तुमचा हा प्रश्न वाचून मी ठणकावून लिहायला बसलो होतो की साप होता तसाच टिपलाय. पुरावा म्हणून मूळ फाइल्स उघडल्या. पहिल्या तीन फ्रेममध्ये सापाच्या अर्ध्या अंगावर एक रुंद पान आडवं आलंय. चौथीत पान नाही. लेखात टाकला तो फोटो सहावा.

पान कुठे गेलं, ते मग आठवलं. मी कपड्यांचा चिमटा खिशात ठेवतो, घरच्या दोरीवरून उचललेला, निळा. वाऱ्याने हलणारं फूल दुसऱ्या काडीला धरून ठेवायला. त्या रात्री मी त्याने ते पान मागच्या फांदीला अडकवलं. सापाला हात लावला नाही, तो इंचभरही हलला नाही, म्हणून ही गोष्ट डोक्यातून पार निघून गेली. लेख लिहिताना "जसा होता तसा" हे शब्द मी बेधडक लिहिले आहेत.

तुम्हाला कदाचित माहीत असेल, २०१८ साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने आपल्या जगप्रसिद्ध स्पर्धेतला आदल्या वर्षीचा एक विजेता फोटो बाद केला. ब्राझीलमधला, रात्री वारुळाकडे येणारा मुंगीखाऊ. तो भुसा भरलेला असावा, असं तपासणाऱ्या तज्ज्ञांचं मत पडलं. काढणाऱ्याने ते नाकारलं. तेव्हा चहा पिताना मी त्या माणसाला काय काय बोललो होतो, ते आमच्या ग्रुपला अजून आठवतं. मी भुसा भरला नव्हता, एक पान बाजूला केलं होतं, असं म्हणता येईल. पण चापडा दबा धरून शिकार करणारा साप. दिवसचे दिवस एकाच जागी बसून राहतो, बेडूक-उंदीर टप्प्यात येईपर्यंत. ते पान म्हणजे त्याचा आडोसा होता. दुसऱ्या रात्री आम्ही त्याच फांदीपाशी गेलो तेव्हा तो तिथे नव्हता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, गेला असेल कुठेतरी. आता वाटतं. चिमटा मी जाताना काढला होता की सकाळी, तेवढं काही केल्या आठवत नाही.

'जसा होता तसा' ही ओळ आज सकाळी काढली आहे. सहाव्या फोटोशेजारी पहिला टाकतोय. त्यात पानाच्या कडेखालून फक्त अर्धं डोकं दिसतं, एक डोळा, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामधला तो उष्णता हेरणारा खळगा, पावसाचा एक थेंब कडेला घेऊन. खाली काय केलं ते स्पष्ट लिहितोय, चिमट्यासकट. मी त्याला पुस्तकी 'मलबार चापडा' म्हटलंय. तुमच्या गावात त्याला दुसरं काही नाव असेल तर कळवा, काका. फोटोखाली तेच घालतो.