काळ्या टाकीला कंजुषी खपत नाही

घरचा संडास तुंबला तर माणूस प्लंबरला फोन लावतो, तोवर शेजाऱ्यांकडे जाऊन येतो, आणि संध्याकाळपर्यंत विषय मिटतो. आरव्हीचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, संडास तुंबला की प्लंबर दोन डोंगर पलीकडे, शेजारी म्हणजे बर्गर भाजत बसलेले अनोळखी गृहस्थ, आणि तुंबलेला ऐवज तुम्ही रात्री झोपता त्या फळीच्या खाली. मधे अंतर असलंच तर हातभर.

अमेरिकेतल्या मराठी घरात आरव्हीचा योग साधारण असा येतो. भारतातून आईबाबा आलेले असतात, यलोस्टोन किंवा ग्रँड कॅनियन दाखवायचं ठरतं, सहा माणसांच्या हॉटेलचा हिशोब करून कुणीतरी म्हणतं, ‘त्यापेक्षा चालतंफिरतं घरच घेऊ भाड्याने.’ गाडी ताब्यात देणारा माणूस गॅस दाखवतो, जनरेटर दाखवतो, एसी दाखवतो. संडासाच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं: ‘पेडल दाबा, खाली जातं.’ खाली म्हणजे कुठे, हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण ते कुठेच जात नाही. ते तुमच्याबरोबरच सहलीला येतं.

गाडीत टाक्या तीन. स्वच्छ पाण्याची एक. सिंक आणि शॉवरचं सांडपाणी जातं ती ग्रे टँक. आणि संडासाची ती ब्लॅक टँक. ही तिसरी भाड्याच्या गाड्यांत बहुधा ३० ते ४० गॅलनची असते, म्हणजे साधारण ११५ ते १५० लिटर. संडासाच्या भांड्याखाली एक झडप, झडपेखाली ३ इंची सरळ नळी, नळीखाली टाकी. घरच्या संडासात असतो तसा पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप इथे नाही. पेडल दाबलं की भांड्याचं बूड उघडतं आणि जे आहे ते सरळ खाली पडतं. गुरुत्वाकर्षण एवढं एकच यंत्र.

आता जिथे वळणच नाही तिथे तुंबतं काय? नळी क्वचितच तुंबते. तुंबते ती टाकी. खाली पडलेलं पसरायला, भिजायला, विरघळायला पाणी लागतं. ते नसलं की माल बरोबर नळीखाली साचतो, त्यावर कागद, त्यावर पुन्हा माल, आणि ढीग वाढत वाढत नळीच्या तोंडाला भिडतो. जाणकार मंडळी याला पिरॅमिड म्हणतात. टाकीचा बाकी सगळा भाग रिकामा असतो आणि संडास मात्र भरलेला. कुकरमध्ये पाणी कमी पडलं की वरण जसं तळाला लागतं, तसंच हे लागतं. (ज्यांचं जेवण चालू आहे त्यांची माफी.)

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: आरव्हीच्या संडासाचे नव्वद रोग पाण्याच्या कंजुषीतून होतात, आणि उरलेले दहा वेट वाइप्समधून. पण गाडीत बसल्याबसल्या प्रत्येकाच्या अंगात कंजूष संचारतो. स्वच्छ पाण्याची टाकी संपेल ही एक भीती, काळी टाकी भरेल ही दुसरी. मग घरातला कर्ता पुरुष फर्मान काढतो: पेडल थोडंसंच दाबायचं. लोक आज्ञाधारक असतात. तिथेच घात होतो.

हिशोब करून बघा. पेडल नुसतं टेकवलं तर अर्धा-पाऊण लिटर पाणी येतं. लघवीला तेवढं पुरे. मोठ्या कामासाठी मात्र बसण्याआधीच भांडं पाण्याने निम्मं भरून घ्यावं. बहुतेक पेडल किंचित दाबलं किंवा वर उचललं की झडप न उघडता नुसतं पाणी येतं. मॉडेलप्रमाणे फरक असतो, आधी करून बघा. काम झाल्यावर पेडल पूर्ण दाबून चांगले चार-पाच सेकंद धरून ठेवावं. दोन-तीन लिटर एकदम गेले पाहिजेत. चार माणसांच्या घरात सगळं धरून दिवसाला तीसेक लिटर होतात. १५० लिटरची टाकी त्या हिशोबाने तीन दिवसांत दोनतृतीयांश भरते, आणि तेवढी भरली की ती रिकामी करायचीच असते. म्हणजे कंजुषी करून मिळवलं काय? फार तर एक दिवस. तो दिवस मग टाकीत काठी घालण्यात जातो.

इथे एका उपेक्षित वस्तूचा सन्मान करणं भाग आहे. टमरेल. अमेरिकेतल्या बाथरूममध्ये पाहुणे आले की सिंकखाली लपवलं जाणारं ते प्लास्टिकचं भांडं आरव्हीत मात्र खरं तंत्रज्ञान ठरतं. पाण्याने धुणारा माणूस टाकीत दर वेळी अर्धा लिटर जास्तीचं पाणी पाठवतो आणि कागद जवळजवळ पाठवतच नाही. टाकीला याहून जास्त काही नकोच असतं. बाबांनी सुटकेसमधून आणलेलं टमरेल पाहून ज्यांनी कपाळाला हात लावला असेल त्यांनी तो खाली घ्यावा.

स्वच्छ पाणी वाचवायचंच असेल तर आणखी एक सोपी युक्ती आहे. शॉवरचं पाणी गरम येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं ते बादलीत धरायचं आणि संडासात ओतायचं. एका अंघोळीमागे तीन-चार लिटर सहज निघतात. भांड्यांचं साबणाचं पाणीही चालतं, फक्त त्यात शितं आणि तेलाचा तवंग नको. रात्री उरलेली आमटी ‘सिंक तुंबेल’ म्हणून संडासात ओतणारे एक काका प्रत्येक सहलीत असतात. फोडणीचं तेल टाकीच्या भिंतीला आणि पातळी मोजणाऱ्या सेन्सरला चिकटून बसतं, वर डाळीचा थर. आमटी झिपच्या पिशवीत भरून कचऱ्यात टाका आणि काकांवर लक्ष ठेवा.

कागद वापरणारेही असणारच. दुकानात ‘आरव्हीसाठी खास’ म्हणून मिळणारा महागडा कागद घेतलाच पाहिजे असं काही नाही. बरणीत पाणी घ्या, कागदाचे चार तुकडे टाका, झाकण लावून दहा-पंधरा वेळा हलवा. लगदा झाला तर कागद टाकीच्या लायक. तुकडे शाबूत राहिले तर तो घरीच ठेवा. एकपदरी साधा कागद बहुतेक वेळा पास होतो, जाड मऊमऊ कागद नापास. वेट वाइप्सच्या पाकिटावर ‘फ्लश करता येतं’ असं छापलेलं असतं. येतंच की, फ्लश तर चमचाही करता येतो. तेच पाकीट या बरणीच्या परीक्षेला बसवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. वाइप जशीच्या तशी पोहत असते.

सगळ्यात मोठी चूक मात्र हुशार लोक करतात. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजला किंवा ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमला ट्रेलर व्हिलेजमध्ये जागा मिळाली की वीज, पाणी आणि ड्रेनेज तिन्ही जोडण्या मिळतात. यालाच फुल हुकअप म्हणतात. मग डोक्यात येतं की गटार जोडलेलंच आहे, तर ब्लॅकचा व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतून बाहेर जायच्या वाटेवरची झडप, उघडाच ठेवू; आपोआप जात राहील. जात राहतं, पण फक्त पाणी. घन माल मागे राहतो, सुकतो, आणि पिरॅमिडची पायाभरणी होते. ग्रेचा व्हॉल्व्ह हवा तर उघडा ठेवा. ब्लॅकचा बंद म्हणजे बंद, टाकी दोनतृतीयांश भरेपर्यंत.

तरीही एके दिवशी पेडल दाबल्यावर भांड्यातलं पाणी हलत नाही. अशा वेळी आधी बॅटरी घेऊन आत डोकवा. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून ज्याने गाडी बुक केली त्याच्याकडे ते जातं. नळी सरळ असल्याने सगळं दिसतं. वर काठोकाठ पाणी दिसलं आणि पेडल दाबताना बुडबुडे वर आले तर टाकी नुसती भरली आहे. डंप स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा, गाठा. ओला कागद आणि घट्ट माल दिसला, आणि टाक्यांची पातळी दाखवणारं भिंतीवरचं पॅनल मात्र टाकी एकतृतीयांश म्हणत असेल, तर पिरॅमिड. पॅनल याच्या उलट कायम ‘फुल’ दाखवत असेल, अगदी रिकामी करून झाल्यावरसुद्धा, तर टाकीच्या भिंतीतल्या सेन्सरवर कागद चिकटलाय. त्या पॅनलचं बोलणं एरवीही फार मनावर घ्यायचं नसतं.

पिरॅमिडवर उपाय आहे, पण उतावळ्यांसाठी नाही. पहिलं काम, ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री. मग गाडीच्या नळाचं गरम पाणी बादलीने थोडंथोडं ओतायचं, नळी घेईल तेवढंच. उकळतं पाणी नको, प्लास्टिकची नळी आणि झडपेचं रबर दोन्ही दगावतात. त्यात एन्झाइमचं औषध, ते नसेल तर भांडी घासायचा लिक्विड साबण अर्धी वाटी. रात्रभर राहू द्या. सकाळी बहुतेक वेळा पाणी खाली उतरलेलं असतं. नसेल तर जुन्या झाडूच्या काठीने किंवा अर्ध्या इंची पाइपच्या तुकड्याने ढिगाला वरून हळूच भोकं पाडायची म्हणजे पाणी आत मुरतं. हळूच अशासाठी की टाकीही प्लास्टिकचीच आहे आणि झडपेच्या रबराला चीर गेली की मग पुढची सगळी सहल वासात. प्लंजरने जोर लावू नये. ढीग जागचा हलत नाही आणि शिंतोडे वर येतात.

रस्ता मोकळा झाला की टाकी पाऊणएक पाण्याने भरून गाडी दहा-वीस मैल फिरवून आणायची. आतलं पाणी हिंदकळून उरलेला ढीग मोडतं. मग डंप, पुन्हा पाणी, पुन्हा डंप. दोन-तीन फेऱ्या लागतात. कुणीतरी नक्की सांगेल की बर्फाच्या दोन पिशव्या टाका, बर्फ घासून तळ साफ करतो. बर्फ पाण्यावर तरंगतो, हे शाळेत सगळ्यांनाच शिकवलेलं असतं. टाकीच्या तळाशी तो काय घासणार?

ढीग दगड झाला असेल तर टँक वाँड मिळतो: लांब नळी, टोकाला फिरणारा फवारा, मुठीशी बंद करायची तोटी. तो आत घालण्याआधी कचऱ्याच्या पिशवीला भोक पाडून त्यातून नळी घ्यावी आणि पिशवी भांड्यावर पसरावी. खाली गटाराची नळी जोडलेली आणि व्हॉल्व्ह उघडा हवा, नाहीतर टाकी भरून पाणी वर येतं. काही गाड्यांना बाहेरून होज जोडायचं फ्लशचं तोंड असतं, त्यालाही हाच नियम: पाणी चालू करून चहाला जायचं नाही. टाकी भरल्यावर पाणी छतावरच्या व्हेंटमधून नाहीतर संडासातून वाट काढतं, आणि काय घेऊन येतं ते सांगायला नको. या कामाचा होज वेगळा ठेवावा, प्यायच्या पाण्याचा वापरू नये.

औषधांबद्दल थोडक्यात. ब्लीच आणि नाल्या साफ करायची जहाल द्रव्यं रबर खातात, ती नकोत. फॉर्मल्डिहाइडवाली जुनी औषधं वास मारतात, पण माल कुजवणारे जंतूही मारतात. कॅलिफोर्नियात ती टाकायला कायद्याने बंदी आहे. एन्झाइमवाली बरी. पण कुठलंही औषध सुक्या टाकीत चालत नाही. म्हणून टाकी रिकामी केली की लगेच १५-२० लिटर पाणी आत सोडायचं आणि मग औषध. तळ झाकलेला असला पाहिजे.

आता डंप स्टेशन. रविवारी सकाळी इथे रांग असते आणि मागचा माणूस हात बांधून तुमच्याकडे बघत असतो. बघू द्या. ग्लोव्ह्ज घाला. गाडीखालच्या निचऱ्याच्या तोंडावरची टोपी काढण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना ते बघा, आणि टोपी काढताना तोंडासमोर उभं राहू नका, थोडं गळतंच. होज फिरवून खाच बसल्याचा ‘टक’ होईपर्यंत घट्ट बसवा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात घालून त्यावर वीट किंवा पाय ठेवा. मधे नळीचा पारदर्शक वाकडा तुकडा असेल तर उत्तम, आतलं पाणी निवळलं का ते कळतं. ब्लॅकच्या व्हॉल्व्हचा दांडा एकदम, पूर्ण ओढा. भीतभीत अर्धा ओढला तर पाणी निघून जातं, घन मागे राहतं. थांबलं की बंद करा, संडासातून दोन बादल्या ओता, पुन्हा ओढा. शेवटी ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुतला जातो.

दांडा ओढला आणि काहीच आलं नाही, तर मात्र होज काढून आत वाकून बघू नका. दांडा फार हलका लागत असेल तर केबल तुटली असेल आणि झडप उघडलीच नसेल. जड लागला असेल तर बोळा तोंडाशी आहे, आणि मागे शंभर लिटर वाट बघतायत. दांडा परत ढकला, संडासातून गरम पाणी ओता, अर्ध्या तासाने पुन्हा ओढा. रांगेतल्या माणसाला पुढे जाऊ द्या. तरी नाही हललं तर भाड्याने गाडी देणाऱ्यांना फोन करा. दाबाच्या पाण्याने खालून टाकी धुणारे लोक असतात आणि ते पैसे घेतात ते योग्यच घेतात.

काम झाल्यावर ग्लोव्ह्ज उलटे करून तिथल्याच कचऱ्यात टाका. हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. डंप स्टेशनवर बहुधा नळ दोन असतात, ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असलेला नळ होज धुवायचा. बाबांना बाटली भरायला पाठवण्याआधी त्यांना दुसरा दाखवून ठेवा.