मिठातला जंतू मेलेला नसतो
मे महिना सरत आला, म्हापशाच्या बाजारात सुक्या मासळीचे ढीग लागले, की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. यंदा दोन मावश्यांनी आणि एका काकांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: मिठात, फ्रीझरमध्ये आणि उकळीत एकही जंतू जगत नाही, तेव्हा खारवलेलं, गोठवलेलं, एकदा उकळलेलं बिनधास्त खा. शेपटाला आणखी एक सल्ला: अँटिबायोटिकने दोन दिवसांत ताप उतरला की जंतू मेले, गोळ्या बंद करा.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ग्रुपवर लिहिलं असतं तर 'आली मोठी शहाणी' झालं असतं, म्हणून इथे लिहिते.

आधी मीठ, कारण पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या साठ्याची, सगळी भिस्त त्यावर. मीठ जंतूच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. पेशी आकसते, वाढ खुंटते. मेसेज इथेच थांबतो, जंतू थांबत नाही. तो आधी पोटॅशियम आत घेतो, मग प्रोलीन, बीटेन अशी निरुपद्रवी द्रव्यं साठवून बाहेरच्या मिठाला आतून तोल देतो आणि सावकाश पुन्हा वाढायला लागतो. हे सगळ्यांना जमत नाही, म्हणून तर खारवण्याचा उपयोग होतो. पण ज्यांना जमतं त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस आहे, अनेकांच्या नाकात मुक्काम ठोकून असणारा. त्याला बाकीच्यांतून निवडून काढायला आम्ही प्रयोगशाळेत मुद्दाम ७.५ टक्के मिठाचं माध्यम वापरतो. बहुतेक जंतू तिथे अडतात, हा मजेत उगवतो.

त्याच्याही पुढची मंडळी मिठागरात राहतात. (काटेकोर बोलायचं तर ते बॅक्टेरिया नव्हेत, आर्किया: एकपेशीय जीवांचा वेगळाच गट.) पाणी आटून दाट झालं की वाफ्यावर कधी कधी तांबूस छटा येते, ती त्यांची. मिठाच्या खड्यात अडकलेल्या थेंबातही ते तग धरतात आणि खड्यासोबत घरी येतात. गेल्या श्रावणाआधी आमच्या खाऱ्या बांगड्यांच्या बरणीत तळाशी गुलाबी चट्टे दिसले. आईने एक बांगडा वर काढला, वास घेतला आणि काही न बोलता बरणी परसात नेऊन रिकामी केली. हे जीव आजार देत नाहीत, पण मासळी नासवतात.

शेजारची आंटी पारा, म्हणजे सुक्या मासळीचं लोणचं, करते तेव्हा नुसत्या मिठावर विसंबत नाही. मासळी खारवून उन्हात कडकडीत वाळवते, मग माडाच्या व्हिनेगरात मिरचीसकट मुरवते. खारटपणाशी झगडायला जंतूला ऊर्जा लागते, कोरडेपणाशी झगडायला वेगळी, आंबटाशी आणखी वेगळी. तिन्ही एकदम अंगावर आली की त्याचं दिवाळं निघतं.

फ्रीझरचं उत्तर दोन ओळींचं. जंतू वर्षानुवर्षं जिवंत राहावेत म्हणून आम्ही ते ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर ठेवतो! आणि साध्या फ्रीजच्या ४ अंशांतही लिस्टेरिया नावाचा जंतू पेशीचं आवरण थंडीत घट्ट होऊ न देता हळूहळू वाढतच असतो.

उकळीचा मुद्दा मात्र धोक्याचा, कारण तो भाताशी जोडलेला आहे. बॅसिलस सिरियस हा जंतू उपाशी पडला की आतल्या आत बीजाणू बांधतो: जवळजवळ कोरडा गाभा, भोवती जाड कवच. तो तांदळावर असतोच. उकळीने तो मरेलच असं नाही, उलट त्या उष्णतेने पुष्कळदा जागा होतो. बीजाणू खात्रीने मारायला आम्ही ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली १२१ अंशांवर १५ मिनिटं ठेवतो. दुपारचा भात टोपात झाकून रात्रीपर्यंत ओट्यावर राहिला, बाहेर पावसाची दमट ऊब, आणि स्पर्धक उकळीत गेलेले: त्याला आणखी काय हवं? त्याचं वांतीचं विष भात पुन्हा गरम केला तरी मोडत नाही. उरलेला भात लवकर निववून फ्रीजमध्ये, एवढंच.

आता गोळ्या. १९४४ साली जीवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकॉकसवर पेनिसिलिन घातलं. दहा लाखांत साधारण एक जंतू वाचला. वाटेल की तो औषधाला सरावला असेल. पण वाचलेल्यांची संतती वाढवून पुन्हा पेनिसिलिन घातलं, तर ती आधीसारखीच मेली. पेनिसिलिन बांधकाम चालू असलेल्या पेशीभित्तीवर घाला घालतं; ज्याने बांधकामच बंद ठेवलं, त्याला ते शोधणार कुठे? दुसऱ्या दिवशी ताप उतरतो तेव्हा वाढणारे मेलेले असतात, असे झोपलेले उरलेले असू शकतात. गोळ्या किती दिवस हे डॉक्टरांना विचारा, थर्मामीटरला नको.

काकांना मी फक्त भाताबद्दलचा परिच्छेद पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला आणि संध्याकाळी तोच मेसेज दुसऱ्या ग्रुपवर टाकला.