दुकानाकडून उत्तर: दुर्बीण बिघडलेली नव्हती

नमस्कार मॅडम,

२२-२३ नोव्हेंबरसाठी तुम्ही आमच्याकडून १३० मिमीची आरशाची दुर्बीण आणि प्लॅनेटरी कॅमेरा (ग्रहांचे व्हिडिओ घ्यायचा, दुर्बिणीला लावायचा कॅमेरा) भाड्याने नेला होता. मुलांचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पण एकच स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की शनीला कडं नव्हतं, नुसती रेघ होती; गुरूचा व्हिडिओ उकळत्या पाण्यासारखा आला; बिघडलेली दुर्बीण गळ्यात मारली आणि वर डिपॉझिटमधून ६०० रुपये कापले. आमचा धंदा थंडीच्या चार महिन्यांवर चालतो आणि डिसेंबरचं बुकिंग करणारे लोक आधी हेच वाचतात. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कड्याचं. शनीची सूर्याभोवती एक फेरी साधारण साडेएकोणतीस वर्षांत होते आणि तेवढ्यात दोनदा त्याचं कडं आपल्याला बरोबर कडेवरून दिसतं. याआधी ते २००९ मध्ये तसं आलं होतं, आता २३ मार्च २०२५ ला आलं. त्यानंतर थोडं उघडलं, पण नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात कड्याचा आपल्याकडचा कल पुन्हा अर्ध्या अंशाच्याही खाली गेला. पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेलं हे कडं जाडीला बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच भरतं. त्यामुळे त्या रात्री कितीही मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं असतं तरी रेघच दिसली असती. १६१२ मध्ये खुद्द गॅलिलिओला कडं दिसेनासं झालं होतं आणि तोही बुचकळ्यात पडला होता. तुम्हाला ती बारीक रेघ दिसली, म्हणजे आरसे जुळलेले होते. ते हललेले असते तर रेघ पसरून पुसट झाली असती. खोक्यावरचा फोटो कंपनीचा आहे, कडं पूर्ण उघडं असतानाचा. यंदा कडं रेघेसारखं दिसेल, ही गोष्ट दुर्बिणीसोबतच्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत छापली आहे. २०२६ पासून कडं उघडत जाईल आणि २०३२ च्या सुमाराला कल सत्तावीस अंशांपर्यंत पोचेल.

व्हिडिओबद्दल. तुम्ही पाठवलेल्या फाइलसोबत शार्पकॅप या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने बनवलेली सेटिंगची टेक्स्ट फाइलही आली, ती आम्ही नीट पाहिली. रेकॉर्डिंग रात्री साडेदहाचं आहे. त्या वेळी गुरू पूर्वेला जेमतेम दहा अंशांवर होता. इतक्या खाली हवेचा थर फार जाड असतो. बिंबाची एक कड निळसर आणि दुसरी लालसर दिसते ती त्यामुळेच. तुम्ही म्हणता तसा तो 'लेन्सचा दोष' नाही, या दुर्बिणीत आरसा आहे. गुरू रात्री दोननंतर घ्या, असं आम्ही सांगितलं होतं, कारण तेव्हा तो ५५ अंशांच्या वर येतो. एक्स्पोजर, म्हणजे एका फ्रेमसाठी कॅमेरा प्रकाश घेतो तो वेळ, १०० मिलिसेकंद होतं, म्हणजे सेकंदाला दहाच्या वर फ्रेम येऊच शकत नाहीत आणि प्रत्येक फ्रेममध्ये हवेची थरथर मिसळते. ते ८ ते १० मिलिसेकंद ठेवायचं, गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) त्या मानाने वाढवायचा, चौकट ६४० बाय ४८० करायची, लॅपटॉपचा यूएसबी ३ पोर्ट वापरायचा आणि एसईआर फाइल (फ्रेम न दाबता साठवणारा व्हिडिओ) घ्यायची. वीस मिनिटं सलग नाही, दोन-दोन मिनिटांचे तुकडे. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे जास्त वेळ घेतलं की पट्टे फराटतात. मग ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात चांगल्या दहा-पंधरा टक्के फ्रेम एकत्र करायच्या, म्हणजे स्टॅक करायच्या. मूळ व्हिडिओ उकळताना दिसणारच, जगात सगळ्यांचा तसाच दिसतो.

तुम्ही दुर्बीण गच्चीवर मांडली होती. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. खाली सोसायटीच्या हिरवळीवर मांडली असतीत तर बराच फरक पडला असता. आरसा थंड व्हायलाही अर्धा-पाऊण तास लागतो. ग्रहांसाठी शहराबाहेर अंधारात, पानशेतला जायची गरज नाही, शहराच्या उजेडाने त्यांचं फारसं बिघडत नाही. हवा शांत हवी.

आता ६०० रुपये. नळीच्या तोंडाजवळच्या तिरक्या आरशावर दव पडलं आणि तो रुमालाने पुसला गेला. काचेवर गोल गोल फराटे स्पष्ट दिसत होते. अॅल्युमिनियमचा मुलामा फार नाजूक असतो, कोरड्या कापडाने धुळीचे कण त्यावर घासले जातात. तो आरसा काढून आधी पाण्याखाली धरायचा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एक थेंब टाकून कापूस न दाबता फिरवायचा, पुन्हा डिस्टिल्ड वॉटर, मग तीन स्क्रूंवर पुन्हा जुळवणी. ही रक्कम त्या कामाची आहे. फराटे कायमचे राहिले, त्याचे पैसे लावलेले नाहीत. दव आलं तर झाकण लावून दुर्बीण आत न्यायची किंवा हेअर ड्रायरची मंद हवा लांबून द्यायची.

कड्याची सूचना यापुढे बुकिंगच्या मेसेजमध्येही देऊ आणि माहितीपत्रक आणखी सोपं करू. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, पण दुर्बीण बिघडलेली होती एवढं वाक्य बदलावं, ही विनंती. वर दिलेल्या सेटिंगवर गुरूचं पुन्हा रेकॉर्डिंग करायचं असेल तर आठवड्यातल्या कुठल्याही मधल्या दिवशी कॅमेरा घेऊन जा, त्याचं भाडं घेणार नाही. फाइल पाठवलीत तर स्टॅक करूनही देऊ.