रिव्हर्स पडत नाही

जुनी गाडी बाळगणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. ‘विकणार का?’ आणि ‘ॲव्हरेज किती देते?’ तिसरा प्रश्न फक्त जाणकार विचारतात. ‘रिव्हर्स नीट पडतो ना?’ तो विचारताना त्यांचा चेहरा, पेशंटला ‘भूक लागते का?’ असं विचारणाऱ्या डॉक्टरसारखा होतो.

माझ्याकडे 1983 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. उद्योगपती वालचंद हिराचंदशेठनी 1944 साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. ही गाडी चालवायला मी जिच्यावर शिकलो तीही पद्मिनीच, त्यामुळे जमिनीतून उगवलेला गिअरचा दांडा मला आजही आगाऊ वाटतो.

तर कात्रजच्या घाटात एका रविवारी इंजिन जोरजोरात ओरडायला लागलं आणि गाडी मात्र विचार करत राहिली. क्लच घसरत होता. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी पार्किंगमध्येच निकाल दिला, ‘‘छे, क्लच प्लेट झिजली असती तर पेडल सैल पडलं असतं. तुझं तर घट्ट आहे.’’ काका बँकेतून रिटायर झालेत आणि त्यांचा आवाज अजून कॅशिअरच्या खिडकीतून येतो. पण इथे हिशेब उलटा असतो. क्लच प्लेटला इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दाबून धरते ती प्रेशर प्लेट, आणि आपण पेडल दाबलं की तिचे लिव्हर ढकलून क्लच सोडवतं ते रिलीज बेरिंग. प्लेट जसजशी झिजते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, तिच्या लिव्हरची टोकं मागे, रिलीज बेरिंगच्या दिशेने येतात आणि मधली मोकळी जागा कमी होते. पेडल घट्ट होतं ते म्हणूनच. ही मोकळी जागा माझ्या गाडीत बेरिंगपाशी असते जेमतेम 2 मिलिमीटर. पेडलवर तीच इंचभर जाणवते. ती संपली की आपण पाय काढला तरी बेरिंग पाय काढत नाही. मग क्लच पूर्ण धरत नाही, घसरतो, तापतो, आणि गाडीत जळक्या प्लेटचा तो वास पसरतो, जो बायकोला ‘कुणीतरी कचरा जाळतंय’ असा वाटतो आणि मला किमान पाच आकडी वाटतो.

सुटे भाग आणायला नाना पेठेत गेलो. कारखाना बंद होऊन दोन दशकं उलटली, पण नाना पेठेला ते अजून कुणी कळवलेलं नाही. दुकानदाराने माळ्यावरून सेट काढला, फुंकर मारली आणि काउंटरवर ठेवला. जुन्या प्रेशर प्लेटला तीन लिव्हर होते. या नव्या प्लेटला मधोमध पातळ पोलादी पाकळ्या.

‘‘ही वेगळी दिसतेय.’’

‘‘सेम टू सेम आहे साहेब. फक्त टाइप वेगळा आहे.’’

या वाक्याला उत्तर काय द्यायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

मिस्त्रींनी गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडला, गिअरबॉक्स उतरवला, नवा सेट चढवला. गिअरबॉक्स परत बसवणं हा बघण्यासारखा प्रकार आहे. क्लच प्लेट आधी डमी शाफ्ट घालून बरोबर मध्यावर धरायची. मग खाली उताणं झोपून, गिअरबॉक्स जॅकवर आणि निम्मा छातीवर घेऊन, त्याचा शाफ्ट प्लेटच्या दात्यांत सरकवायचा. दिसत काहीच नाही. मागे पोरगा प्रोपेलर शाफ्टच्या बाजूने जरा जरा फिरवत असतो, मिस्त्री ‘‘हां... हां... अरे उलटा नको’’ करत असतात, आणि एका क्षणी दाते जुळून आख्खं धूड एकदम दीड इंच आत जातं. त्या क्षणी मिस्त्रींच्या तोंडून जो उद्गार निघाला तो इथे छापता येणार नाही, पण तो आनंदाचा होता.

इंजिन सुरू केलं. क्लच दाबला. रिव्हर्सकडे दांडा नेला आणि ‘कर्रर्रर्र’ असा आवाज आला. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला, कारण तिसऱ्या मजल्यावरचा माणूस खिडकीत आला.

पद्मिनीच्या पहिल्या आणि रिव्हर्स गिअरला सिंक्रो, म्हणजे दाते जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी सोय, नाही, त्यामुळे क्लच पूर्ण सुटला नाही तर हे दोघं लगेच चुगली करतात. पुढचे काही दिवस आमच्या पार्किंगमध्ये वैद्यकीय शिबिर भरल्यागत गर्दी होती. एक म्हणाला, गिअरबॉक्सच गेला. दुसरा म्हणाला, ऑइल बदला. तिसऱ्याने बॉनेटला कान लावला आणि ‘टॅपेट’ एवढंच बोलून निघून गेला. खरं तर कान लावायची रीत सोपी आहे. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेरिंगवर. पेडल सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेरिंग बघा. माझ्याकडे दोन्ही वेळा शांतता, आणि रिव्हर्सला फक्त किंचाळी. म्हणजे बेरिंग फिरायला ठणठणीत, पण पोचायला कमी पडत होतं.

दरम्यान गाडी गॅरेजला न्यायची होती. मुंबईत बरीच वर्षं काळीपिवळी चालवलेले एक मामा आमच्या वॉचमनच्या ओळखीचे निघाले. ते आले, गाडी पहिल्या गिअरमध्येच टाकून स्टार्टर मारला, पद्मिनी उडी मारून निघाली आणि पुढचे गिअर त्यांनी क्लचला पायही न लावता, इंजिनाचा आवाज ऐकून बदलले. बाजूला मी हँडल धरून बसलो होतो. ‘‘पद्मिनीला क्लच हा शौक आहे,’’ मामा म्हणाले. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर ही विद्याही गेली असावी. सिग्नलला मामा काय करतात हे मात्र बघण्यासारखं होतं. ते सिग्नलला थांबत नसत, आधीपासून हळू येत असत.

गिअरबॉक्स पुन्हा उतरला. या खेपेला मी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, घेऊन बसलो. मिस्त्री हसले. ‘‘एखादं सूत इकडेतिकडे चालतं साहेब.’’ एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या वर. जिथे मोकळी जागाच दोन आहे तिथे तीन इकडेतिकडे चालवणाऱ्या माणसाशी काय बोलणार? मोजलं. जुन्या लिव्हरची टोकं जिथे होती त्यापेक्षा नव्या पाकळ्या पाच मिलिमीटर पलीकडे, फ्लायव्हीलकडे होत्या. म्हणजे पेडलचा अर्धा प्रवास हवा ढकलण्यात जात होता. बेरिंगला ढकलणाऱ्या फोर्कचा नट आटे संपेपर्यंत आवळूनही उपयोग नव्हता.

मग पुन्हा नाना पेठ, आणि ‘पाकळ्यांवालं’ बेरिंग. हे पहिल्यापेक्षा आठ मिलिमीटर उंच निघालं. पाच हवे होते, आठ मिळाले. बाजाराची दानत मोठी. हे घातलं तर बेरिंगची पाठ गिअरबॉक्सला टेकणार आणि तोंड पाकळ्यांना चिकटणार, हे कागदावर मांडून दाखवल्यावरही मिस्त्रींचं म्हणणं, ‘‘घालून बघू, घासून घासून बसेल.’’ मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये सगळं काही घासून घासून बसतं.

शेवटी भोसरीला एका लेथवाल्याकडे गेलो. पत्र्याची शेड, चष्म्याला दोरी. त्यांनी बेरिंग हातात घेऊन फिरवलं आणि एवढ्या सगळ्या प्रकरणातला पहिला शहाणा प्रश्न विचारला, ‘‘किती काढायचं?’’ तीन मिलिमीटर म्हटल्यावर त्यांनी बेरिंग ज्यावर बसतं त्या कॅरिअरवरून ते वेगळं केलं, कॅरिअरची बैठक तेवढी खाली घेतली आणि बेरिंग परत दाबताना आतल्या रिंगवरच जोर दिला. बाहेरच्या रिंगवर हातोडा घातला तर गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडतात, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आजवरचे सगळे हातोडे मीच मारले असावेत. ग्रीससुद्धा बोटाच्या टोकाएवढंच लावायला सांगितलं; जास्त लावलं की उडून प्लेटवर जातं.

आता रिव्हर्स पडतो. इतका गपचूप की पहिल्यांदा पडला तेव्हा मला कळलंच नाही आणि मी कुंडीपर्यंत गेलो.

परवा मिस्त्रींचा फोन आला. त्यांच्याकडे आणखी एक पद्मिनी आली होती, तीच तक्रार. ‘‘साहेब, तुमच्या बेरिंगचं किती काढलं होतं?’’

‘‘तीन. पण त्या गाडीचं आधी मोजा.’’

‘‘मोजायचं कशाला? पद्मिनीच आहे ना. सेम टू सेम.’’