केंद्रं उघडणं पुरे, दुसऱ्या भेटीचं बोला

मानसिक आरोग्याची सेवा लोकांपर्यंत न्यायची म्हटलं की नवं केंद्र, नवा फलक, झालं काम! पण माणसं गळतात ती पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मधे. पहिल्यांदा आलेल्या १०० जणांपैकी महिन्याभरात परत किती आले, केंद्राला हा एकच आकडा विचारा.

गळतीचं एक कारण अगदी साधं आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा त्रास आधी सुरू होतो, गुण मागाहून येतो. मळमळ, अस्वस्थपणा पहिल्याच आठवड्यात. मनाला उतार पडायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, मग गोळ्या कपाटात जातात. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी एक फोन करायचा आणि दोन आठवड्यांच्या आतली तारीख निघतानाच हातात द्यायची. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, त्यांच्या बाबतीत तर हा फोन चुकवायचाच नाही.

दुसरी गोची चाचणीची. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीत ९ प्रश्न, गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले की नीट तपासणी. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. शेजारी नातेवाईक बसलेले असताना तो मोठ्याने विचारला, तर उत्तर 'नाही' असंच येणार. वेगळी खोली नसेल तर कागदच हातात द्या. आणि त्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही आलं, तर बेरीज ४ असली तरी त्याच दिवशी बोलायचं. कागद फायलीला लावून मोकळं व्हायचं नाही.

लहान मुलांची चिंता बऱ्याचदा पोटदुखीच्या रूपात येते. किशोरवयीनांशी थोडा वेळ एकट्याने बोला. जिवाला धोका दिसला तर घरी सांगावं लागेल, हे आधीच स्पष्ट करा. म्हातारपणी विसराळूपणा दिसला की लगेच स्मृतिभ्रंशाचा शिक्का नको. नैराश्य, थायरॉईड, बी-१२ची कमतरता, कमी ऐकू येणं हे सगळं आधी पाहा. (आणि केंद्र पहिल्या मजल्यावर, लिफ्टशिवाय? मग वृद्धांसाठी ते बंदच.)

तज्ज्ञ कमी आहेत, मान्य. झिंबाब्वेची राजधानी हरारेत २००६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडांनी दवाखान्याबाहेरच्या बाकावर प्रशिक्षित आज्यांना बसवलं. आलेल्याने आजीसमोर सगळ्या अडचणी मांडायच्या, त्यातली एक निवडायची, तिच्यावर एक छोटं पाऊल ठरवायचं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या पद्धतीने लक्षणं कमी झाल्याचं दिसलं. नक्कल करणारे मात्र बाक तेवढा उचलतात. आज्यांच्या पाठीशी देखरेख होती, अवघड केस वर पाठवायची सोय होती, ती राहून जाते. तेव्हा अंदाजपत्रकात बाकाच्या आधी देखरेखीचे तास धरा.