ससा-कासव आणि तलाठी भरती यांच्या मधला कप्पा

कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर सकाळपासून गाड्यांची रांग लागते आणि काट्यावर वजन होऊन पावती हाती पडेपर्यंत शेतकरी मंडळी माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून असतात. गेल्या आठवड्यात त्यांच्यापैकी एका परिचिताने माझ्या हिशेबाच्या वहीशेजारी पडलेले पुस्तक उचलले, मुखपृष्ठावरचा सायकलवरचा मुलगा न्याहाळला आणि विचारले, ‘दिवाणजी, लेकराईचे पुस्तकं काहून वाचता वो?’ मागचे दोघेतिघे हसले. काट्यावरची गाडी खोळंबलेली असल्यामुळे मी तेव्हा उत्तर दिले नाही. परंतु हा प्रश्न मला गेली पंधरा वर्षे निरनिराळ्या स्वरांत विचारला जात आहे, तेव्हा एकदा सविस्तर लिहून टाकावे असे वाटले.

मी बावन्न वर्षांचा आहे. दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो, चार एकर कोरडवाहू शेती करतो आणि हंगामात जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. घरातील गव्हाच्या कोठीशेजारी एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात आजमितीस चारशे एकतीस पुस्तके आहेत. त्यांतील बहुतेक सगळी साधारण बारा ते सतरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली, किंवा त्या वयाच्या मुलामुलींविषयीची आहेत. पाहुण्यांचा समज असा की ती मी मुलीसाठी घेतली असावीत. प्रत्यक्षात मुलगी सासरी गेल्यानंतरच्या सहा वर्षांत हा संग्रह दुपटीने वाढला आहे, आणि त्याचे कारण एवढेच की ही पुस्तके वाचताना मला जितकी मजा येते तितकी दुसरे काही वाचताना येत नाही.

इंग्रजीत या पुस्तकांना ‘यंग अडल्ट’ म्हणतात. आपल्याकडे किशोर साहित्य, कुमार साहित्य असे शब्द आहेत, परंतु ते सरकारी पुरस्कारांच्या यादीत जितके दिसतात तितके बोलण्यात येत नाहीत. अमेरिकेत या प्रकाराला जे वळण लागले त्यात १९६७ साली निघालेल्या ‘द आउटसायडर्स’ या कादंबरीचा मोठा वाटा मानला जातो. ती लिहिणारी एस. ई. हिंटन त्या वेळी स्वतः नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली मुलगी होती आणि पुस्तकाचा बराचसा भाग तिने शाळेत असतानाच लिहिला होता. त्या वयाची गोष्ट त्याच वयाच्या व्यक्तीने सांगितली, आणि ती सांगताना कोणाला शहाणे करून सोडण्याचा आव आणला नाही, हे मला त्यातले मुख्य वाटते.

योगायोग असा की त्याच १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्या कायद्यामुळेच अ, ब, क, ड अशा वर्गांची अनुदानित वाचनालये खेडोपाडी पोहोचली. माझे स्वतःचे वाचनही अशाच एका ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाच्या बाकावर सुरू झाले, त्यामुळे त्या व्यवस्थेबद्दल मी कृतघ्न होणार नाही. परंतु आजही कोणत्याही लहान वाचनालयात गेलो की मी आधी कपाटांची मांडणी पाहतो. एका टोकाला ससा-कासव, परीकथा आणि थोर पुरुषांची बत्तीस पानी चरित्रे असतात. दुसऱ्या टोकाला तलाठी भरती, पोलीस भरती आणि सामान्य ज्ञानाचे जाडजूड ठोकळे असतात. सातवीतल्या मुलीला ससा-कासवाचा कंटाळा आलेला असतो आणि तलाठी भरतीला अजून अवकाश असतो, मग तिने काय वाचावे? मधला कप्पा बहुधा नसतोच, आणि त्या काही वर्षांत वाचनाची जी सवय तुटते ती पुढे सांधली जात नाही.

याचा अर्थ मराठीत अशी पुस्तके लिहिलीच गेली नाहीत असा मात्र नाही. माझे मत असे आहे की या वयाविषयीची आपली काही सर्वांत चांगली पुस्तके आपण मोठ्यांच्या कपाटात ठेवून दिली आहेत. प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. ‘वनवास’मधला हा मुलगा आजीआजोबांकडे राहतो, सीमाभागातल्या कानडी वळणाच्या मराठीत बोलतो आणि त्याच्या मनात जे चालते ते ऐकण्याची सर्वांत अधिक गरज त्याच्याच वयाच्या वाचकाला आहे. परंतु वाचनालयात तो ‘कथासंग्रह’ या चिठ्ठीखाली प्राध्यापकांची वाट पाहत बसलेला असतो. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ साली आली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुलगा, त्याचे मित्र, वर्गातली मुलगी आणि कोणालाही सांगता न येणारी धडधड असा तिचा ऐवज आहे. एका गावी मी ग्रंथपालांना सुचवले की ही कादंबरी नववी-दहावीच्या मुलांना सहज दिसेल अशी ठेवावी, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून मला सांगितले, ‘भाऊ, थ्यात प्रेम आहे न.’ प्रेम मोबाईलवर चोवीस तास उपलब्ध असताना कपाटाला कुलूप घालून आपण नेमके काय वाचवतो, हे मला अद्याप समजलेले नाही.

म्हणूनच माझ्या कपाटात बालसाहित्य आणि प्रौढ साहित्य अशी विभागणी नाही. दोन्हीकडून उचलून आणलेली पुस्तके तिथे शेजारी शेजारी उभी आहेत.

मला सर्वांत प्रिय मात्र अजूनही भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायला जातो, सायकल दामटतो, नको तिथे नाक खुपसतो आणि प्रत्येक संकटातून ‘ट्टॉक्’ करीत बाहेर पडतो. मालिकेत एकूण वीस पुस्तके आहेत. नवीन छपाईचा संच विकत घेणे अवघड नाही, परंतु मला जुन्या छपाईचे एकेक पुस्तक शोधून संच पुरा करायचा आहे, आणि हा निव्वळ हट्ट आहे हे मी मान्य करतो. त्यांतले एक पुस्तक मला यवतमाळच्या रद्दीवाल्याकडे दहावीच्या गाईडांच्या गठ्ठ्यात सापडले. रद्दी किलोवर विकली जाते, त्यामुळे त्याने ते तराजूत टाकले आणि चार रुपये सांगितले. आत पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा अर्धवट उठलेला गोल शिक्का होता आणि त्याखाली पेन्सिलीने, बारीक आणि तिरप्या अक्षरात, कोणीतरी ‘मी हे पाच वेळा वाचले’ असे लिहिले होते. त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात ‘मी सहा’ असे होते. खोडरबराने ते पुसण्याचा विचारही मला शिवला नाही. पुस्तक कोरे करकरीत असण्यापेक्षा असे असणे मला अधिक मोलाचे वाटते. संग्राहक मंडळींना हे पटत नाही, याची मला कल्पना आहे.

विदर्भात पुस्तके सांभाळणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बांधणीचा डिंक सुकून तडकतो आणि पुस्तक उघडताच पाने पत्त्यांसारखी हातात येतात. घर थंड करावे म्हणून कूलर लावला तर त्याच्या ओलीने पाने फुगतात. पावसाळ्यात भिंतीतून उधई, म्हणजे वाळवी, चढते आणि बाराही महिने कसर असतेच. मी कपाटाचे पाय रॉकेलच्या डब्यांत उभे करून पाहिले, कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवून पाहिला, वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या. त्यांतला वेखंडाचा उपाय थोडाफार चालतो. सुटलेली पाने मी जिनिंगच्याच दाभणाने शिवतो. आधी पानांचा गठ्ठा ठोकून सारखा करायचा, मग दोन पाट्यांमध्ये दाबून कडेपासून बोटभर अंतर सोडून पाच छिद्रे पाडायची, मेण लावलेला दोरा मधल्या छिद्रातून सुरू करून पुन्हा मधल्याच छिद्रात आणून गाठ मारायची. वर बियाण्याच्या कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचे गुळगुळीत वेष्टन चढवायचे. त्यामुळे माझ्या कपाटातील निम्म्या पुस्तकांच्या पाठीवर टपोरी बोंडे उमललेली आहेत.

कपाटाच्या तळाशी ‘किशोर’चे अंक आहेत. बालभारतीने १९७१ साली हे मासिक सुरू केले आणि आमच्यासारख्या खेड्यांत त्या काळी शाळेच्या टपालाबरोबर येणारी ती जवळजवळ एकमेव रंगीत वस्तू होती. आता जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत आणि मीही ते मोबाईलवर चाळतो, तरीही कागदी अंकाचा मोह सुटत नाही. माझ्याजवळ दुहेरी झालेले अंक मी तीन वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याला बोजारा, म्हणजे दारी येणाऱ्या मुलांना द्यायची भेट, म्हणून वाटायचे ठरवले. मुले लाकडी नंदी सजवून दारात आली, मी प्रत्येकाच्या हाती एक अंक ठेवला. पाचव्या मुलाने तो उलटापालटा करून मला परत दिला आणि म्हणाला, ‘काका, मले दहा रुपयेच द्या.’ मी दिले. सणाच्या दिवशी पोराला चिवडा-बिस्किटांची आशा दाखवून हाती वाचन ठेवणे ही लबाडीच होती, आणि ती त्याने बरोबर ओळखली. दुसऱ्या वर्षापासून मी आधी दहा रुपये देतो आणि अंक ओट्यावर पसरून ठेवतो. ज्याला हवा तो उचलतो. मागच्या वर्षी सात गेले.

ओट्यावरून अंक नेणारी मुले हळूहळू कपाटापर्यंत येतात आणि तिथे माझी खरी परीक्षा सुरू होते. काही लोक मला भेटून ‘वाचन चळवळ’ चालवल्याबद्दल शाबासकी देतात, ती स्वीकारताना मला संकोच होतो, कारण मी चळवळ्या नसून हावरा संग्राहक आहे आणि पुस्तक दाराबाहेर जाताना माझ्या पोटात कालवते. पुस्तकांवर हळद पडते, वरणाचे डाग पडतात, एक पुस्तक तर पऱ्हाटीच्या ढिगाखाली आठ दिवस राहून आले. तरी मी देतो. पुस्तक परत करताना मूल जे बोलते ते ऐकण्याचा मोह त्या पोटदुखीपेक्षा मोठा आहे.

एक उदाहरण सांगतो. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचे ‘तोत्तोचान’ मराठीत फार चांगले आले आहे. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा, मुलांचे मन लावून ऐकणारे मुख्याध्यापक आणि शेवटी टोकियोवरच्या बाँबहल्ल्यात जळून गेलेली ती शाळा, असे ते खरेखुरे बालपण आहे. आमच्या भागातून यवतमाळ-मूर्तिजापूर ही नॅरोगेजची शकुंतला धावत असे. ती बंद झाली आणि आता रुळांवर बाभळी वाढल्या आहेत. आठवीतल्या एका मुलीने पुस्तक परत करताना मला विचारले की शकुंतलेचे डबे कुठे गेले. मी म्हणालो, माहीत नाही, कोणत्या तरी यार्डात असतील. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, ‘मंग त्याईत शाळा भरवता येत नाई काय? आमच्या वर्गाचं छत गळते.’ पुस्तक कोणत्या देशातले आहे याचा तिला अडसर झाला नव्हता. आपल्या मातीतल्या मुलांना आपल्या मातीतलेच द्यावे, असे जे सतत सांगितले जाते, ते मला म्हणूनच अर्धेच पटते.

अर्धे पटते, कारण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. ल. म. कडू यांचे ‘खारीच्या वाटा’, ज्याला २०१७ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, ते धरणाखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाचे पुस्तक आहे. गोसीखुर्दच्या पाण्याखाली ज्यांचे गाव गेले अशा आमच्या एका नातेवाइकांच्या मुलाने ते एका बैठकीत वाचले आणि काही न बोलता उशाशी ठेवून दिले. ते मी परत मागितलेले नाही. परंतु कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेचा पट अर्धा का होतो, बोंडअळीच्या वर्षी घरातले आवाज कसे बदलतात, सालगड्याचा मुलगा आणि मालकाचा मुलगा एकाच बाकावर बसून काय बोलतात, हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या नजरेने आणि वऱ्हाडी संवादांसह सांगणारी कुमार कादंबरी शोधताना माझे हात अजून रिकामेच आहेत. शेतकऱ्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, पण त्यात मूल बहुधा कोपऱ्यात रडताना दिसते.

आणि एक तक्रार. ज्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘संस्कारक्षम’ हा शब्द छापलेला असतो ते पुस्तक मी सहसा जागेवर परत ठेवतो. चौदा वर्षांच्या मुलाला तो शब्द लांबूनच दिसतो आणि तोही तेच करतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली तेव्हा त्यांनी आपली आठवण पाझरू दिली, म्हणून ती टिकली. नंतर अनेकांनी त्यातले पाझरणे सोडून नुसता उपदेश उचलला.

मोठी खरेदी मी संमेलनांत करतो. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याला अखिल भारतीय साहित्य संमेलन झाले, तेव्हा मंडपातली भाषणे मी जवळजवळ ऐकलीच नाहीत. ग्रंथदालनात दोन दिवस फिरलो, आणि वर्ध्याहून परतताना एसटीच्या टपावर टाकायला वाहकाने नकार दिल्यामुळे पुस्तकांचे पोते मांडीवर घेऊन आलो. सौभाग्यवतींनी पोते पाहून एवढेच विचारले की यात तूर आहे काय.

आता कामाचे. जुन्या छपाईच्या फास्टर फेणे संचात माझी तीन पुस्तके कमी आहेत, आणि १९७० च्या दशकातले ‘किशोर’चे दिवाळी अंकही मला हवे आहेत. मुखपृष्ठ फाटलेले चालेल, नाव घातलेले चालेल, हळद पडलेली असेल तर उत्तमच. आपल्या वाड्यात, माळ्यावर, शाळेच्या जुन्या पेटीत असे काही असेल तर रद्दीत घालण्यापूर्वी मला कळवावे. बदल्यात माझ्याकडचे दुहेरी अंक देईन, किंवा आपली सुटलेली पुस्तके शिवून देईन. यवतमाळ, वाशीम, अमरावती, वर्धा या चार जिल्ह्यांत कुठेही मी स्वतः एसटीने येतो, फक्त गुरुवार सोडून सांगावे, त्या दिवशी आमच्याकडे बाजार असतो आणि काट्यावर गर्दी असते.