रोज पन्नास लिंका टाकून ब्लॉग चालत नसतो: त्या मेसेजला उत्तर

परत तो मेसेज फिरायला लागलाय. "ब्लॉगवर कोणी येत नाही? फक्त 30 दिवस हे करा आणि गुगलच्या पहिल्या पानावर या" असं वर ठळक अक्षरात, आणि खाली कलमं: रोज पन्नास सोशल बुकमार्किंग साइट्सवर (जिथे लोक आवडलेल्या पानांच्या लिंका सगळ्यांना दिसतील अशा साठवतात) पोस्टची लिंक टाका, त्यातही हाय डीए, म्हणजे डोमेन ऑथॉरिटी नावाचा साइटचा गुणांक जास्त असलेल्याच निवडा (यादी सोबत), जास्त सर्च आणि लो कॉम्पिटिशनवाला कीवर्ड (लोक गुगलमध्ये टाकतात तो शब्द) घ्या, तो पोस्टमध्ये तीन टक्के तरी यायला हवा, आणि मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमधला, वाचकाला न दिसणारा टॅग) व लेबलमध्ये त्याची सगळी रूपं कोंबा. शेवटी नेहमीचंच, गरजूंपर्यंत पोहोचवा. माझा ब्लॉग गच्चीवरच्या बागेचा, आणि आमच्या बागवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज आल्यापासून निम्मी मंडळी झाडांना पाणी घालायचं सोडून लिंका चिकटवत बसलीयेत, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

सुरुवात यादीपासून. यादीत अगदी वरती डिलिशस, डिग, स्टंबलअपॉन. अहो, यातलं जुन्या रूपात आज शिल्लक काय आहे? डिलिशस 2003 साली सुरू झालं, 2005 मध्ये याहूनं घेतलं, मग या हातातून त्या हातात करत 2017 मध्ये पिनबोर्ड नावाच्या दुसऱ्या बुकमार्किंग साइटवाल्यानं अवघ्या 35 हजार डॉलरला उचललं आणि त्यात नवीन काही साठवणंच बंद करून टाकलं. स्टंबलअपॉनसाठी ईबेनं 2007 मध्ये साडेसात कोटी डॉलर मोजले होते, ते 30 जून 2018 ला बंद झालं. डिगनं 2010 मध्ये सगळं रूप बदललं, लोक वैतागून रेडिट या चर्चेच्या साइटकडे गेले आणि दोन वर्षांत कंपनी विकली गेली. गुगलची स्वतःची बुकमार्क सेवा 2021 मध्ये गेली, पॉकेट गेल्या वर्षी म्हणजे जुलै 2025 मध्ये. ही यादी नाही, मयतांची नोंदवही आहे, आणि लोक तिच्यात रोज नवीन अकाउंट उघडायला निघालेत.

आता हे खरं आहे की एके काळी बुकमार्किंगनं ब्लॉग चालायचे. पण ते का चालायचे ते बघा ना. डिलिशसवर लोक स्वतःला परत वाचायला लागेल म्हणून पान साठवायचे, त्याला आपल्याला आठवेल असा टॅग लावायचे, आणि तोच टॅग दुसरा कोणी उघडून बघायचा तेव्हा त्याला ते पान सापडायचं. डिगच्या पहिल्या पानावर एखादी लिंक आली की इतके लोक एकदम तुटून पडायचे की छोट्या ब्लॉगचा सर्व्हर बसायचा. म्हणजे तिथे खरोखरचे वाचक होते आणि लिंक ठेवणारा माणूस लेखक सोडून दुसराच कोणीतरी असायचा. मेसेजमधली यादी याच्या बरोब्बर उलटी आहे, तिथे लिंक टाकणारे सगळे आपल्यासारखेच आणि वाचणारं कोणीच नाही. यादीतली जी काही जिवंत नावं आहेत त्यातली एक-दोन उघडून बघा, एका खाली एक: कर्ज, कॅसिनो, केस गळती, पॅकर्स अँड मूव्हर्स, आणि मध्येच आपल्या कोथिंबिरीची पोस्ट. कोथिंबीर लावणारा माणूस तिथे कशाला तडफडायला येईल?

बरं, वाचक नसले तरी "बॅकलिंक तर मिळते ना", म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक, हा यावरचा ठरलेला जबाब. जानेवारी 2005 मध्ये गुगल, याहू आणि एमएसएन तिघांनी मिळून नोफॉलो आणलं, म्हणजे लिंकवर अशी खूण की हिला आमची शिफारस समजू नका. कमेंटमधल्या स्पॅमसाठी ते आणलं होतं, पण जिथे कोणीही येऊन लिंक टाकू शकतो अशा बऱ्याचशा जागांनी ते लावून टाकलं, विकिपीडियानं सुद्धा 2007 मध्ये लावलं. ज्यांनी नाही लावलं तिथल्या लिंकांचं काम 2012 च्या एप्रिलमध्ये संपलं, गुगलनं पेंग्विन अपडेट (क्रमवारी लावायच्या पद्धतीतला बदल) आणलं आणि अशा विकतच्या नि चिकटवलेल्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइट्स धडाधड खाली आल्या. आजही गुगलच्या स्पॅमविषयीच्या नियमांत लिंक स्पॅमची उदाहरणं दिलीयेत त्यात हलक्या दर्जाच्या डिरेक्टरी आणि बुकमार्क साइट्सच्या लिंका हे शब्दशः आहे. मी घाबरवत नाहीये हं. 2016 पासून पेंग्विन बहुतेक वेळा शिक्षा करण्यापेक्षा अशा लिंका सरळ सोडून देतं, मोजतच नाही. त्यामुळे पन्नास लिंका टाकल्यात तर बहुधा काहीच होणार नाही, वाईट नाही आणि चांगलंही नाही, फक्त तुमची संध्याकाळ जाईल.

यात एक अर्धं सत्य आहे तेही सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी म्हणेल की लपवलं. नवीन पान गुगलला दुसऱ्या पानावरच्या लिंकवरून सापडतं हे बरोबर. पण त्याला पन्नास ठिकाणं कशाला? सर्च कन्सोल हे साइटवाल्यांसाठीचं गुगलचं साधन फुकट आहे, तिथे साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरच्या पानांची यादी, एकदा देऊन ठेवायचा, आणि घाईच असेल तर वरच्या खोक्यात पोस्टचा पत्ता टाकून इंडेक्सिंगची, म्हणजे पान गुगलच्या नोंदीत घ्यायची, विनंती करायची. ब्लॉगरवर (गुगलची ब्लॉग लिहायची सेवा) साइटमॅप आपोआप तयार होतो, तुम्हाला काही बनवावं लागत नाही.

हाय डीएबद्दल फार लिहीत नाही. डीए हा आकडा मॉझ नावाच्या कंपनीनं स्वतःच्या हिशोबानं काढलेला आहे, 1 ते 100 मधला, गुगल तो वापरत नाही. गुगलचा स्वतःचा पेजरँकचा, म्हणजे लिंकांवरून पानाचं वजन सांगणारा आकडा पूर्वी टूलबारमध्ये दिसायचा, तोही 2016 मध्ये दिसायचा बंद झाला. तेव्हापासून लिंका विकणाऱ्यांना दाखवायला काहीतरी आकडा हवाच होता.

आता कीवर्ड. इथे मात्र जरा थांबू, कारण इथेच घोडं पेंड खातं आणि मेसेजमधलं सगळ्यात घातक कलम हेच आहे, ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं ना म्हणून. "कीवर्ड प्लॅनर उघडा, सर्च जास्त आणि कॉम्पिटिशन लो असेल तो शब्द उचला." कीवर्ड प्लॅनर हे गुगलचं जाहिरातदारांसाठीचं साधन आहे. त्यातला कॉम्पिटिशनचा रकाना सांगतो की या शब्दावर जाहिरात द्यायला किती लोक धडपडतायत. त्या शब्दावर चांगले लेख किती आहेत याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मराठी शब्दांवर जाहिराती कमी, त्यामुळे जवळजवळ काहीही टाका, लो दिसणार, आणि आपण खूश की चला मैदान मोकळं आहे. शिवाय जाहिरातीवर पैसे खर्च करत नसाल तर सर्चचा आकडाही ढोबळ दाखवतो, शंभर ते हजार असा, आणि यात शंभर की हजार यावर तर सगळा खेळ.

मग शब्द शोधायचा कुठे? लोक काय टाइप करतात तिथे. हे आमच्या बागेतलंच घ्या. जास्वंदीवर कापसासारखी पांढरी कीड येते ती सगळ्यांनी पाहिलीय. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत तिला पिठ्या ढेकूण म्हणतात, नर्सरीवाला मिलीबग म्हणतो, आणि ज्या बाईच्या कुंडीत ती पहिल्यांदा आलीय तिला यातलं एकही नाव माहीत नाही, ती मोबाइलवर लिहिते "जास्वंदीवर पांढरी कीड उपाय". नाव माहीत असतं तर अर्धं उत्तर तिला आधीच सापडलं असतं की! तर पोस्टचं शीर्षक तिच्या शब्दांत हवं, आणि पिठ्या ढेकूण नि मिलीबग ही दोन्ही नावं आत पहिल्याच परिच्छेदात, साबणाचं पाणी नि निंबोळी अर्काच्या आधी. मिरचीचंही तसंच, शेतकरी चुरडा-मुरडा म्हणेल किंवा बोकड्या म्हणेल, शहरातला माणूस लिहील "मिरचीची पानं गोळा होतायत". एकाच रोगाचे हे दोन वेगळे वाचक आहेत, त्यांच्या गरजाही वेगळ्या, एकाकडे अर्धा एकर नि पंप आहे आणि दुसऱ्याकडे बाल्कनीत दोन कुंड्या.

हे शब्द कुठल्याही विकतच्या टूलमध्ये मिळत नाहीत, पण फुकट भरपूर ठिकाणी मिळतात. गुगलच्या खोक्यात "कढीपत्त्याची पानं" एवढंच लिहून थांबा आणि खाली काय काय सुचवतंय ते वाचा. तेच इंग्रजी अक्षरांत लिहून बघा, कारण निम्मा महाराष्ट्र मराठी शब्द इंग्रजी अक्षरांतच शोधतो असं निदान माझ्या ओळखीच्यांकडे बघून तरी वाटतं, आणि तिथे सूचना वेगळ्याच येतात. ग्रुपवर लोक प्रश्न कसे विचारतात ते जसेच्या तसे लिहून ठेवा, अशुद्ध असले तरी. आणि ब्लॉग थोडा जुना झाला असेल तर सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्समध्ये जाऊन क्वेरीज बघा, लोक कुठला शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते सगळं तिथे असतं. ज्या शब्दांवर तुम्ही दिसताय पण कोणी क्लिक करत नाही ते आधी बघायचे. मी कढीपत्त्याला खत काय घालावं यावर लिहिलेल्या पोस्टवर लोक "पानं पिवळी का पडतात" विचारत येत होते, आणि त्याचं उत्तर पोस्टमध्ये पार तळाला एका ओळीत होतं. ते वर आणलं, पाणी तुंबणं वेगळं आणि लोह कमी पडणं वेगळं हे फोटोसकट लिहिलं (नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह), आणि मग तीच पोस्ट चालायला लागली. एकही लिंक कुठे टाकली नव्हती.

आता ती तीन टक्क्यांची गंमत. कोणत्याच टक्क्याला गुगल बक्षीस देत नाही, उलट शब्द कोंबणं हे त्यांच्या स्पॅमच्या नियमांत बसतं. पण मराठीत तर हे गणितच बसत नाही. आपला शब्द वाक्यात गेला की बदलतो, कढीपत्ता लावला, कढीपत्त्याला पाणी घातलं, कढीपत्त्याचं पान, कढीपत्त्यावर कीड. कीवर्ड किती टक्के आलाय ते मोजणारी टूल्स बहुतेक इंग्रजीच्या हिशोबानं बनलेली, ती या सगळ्यांना वेगवेगळे शब्द धरतात आणि सांगतात तुमचा कीवर्ड फक्त एकदाच आलाय. मग माणूस काय करतो, तर टूलला खूश करायला वाक्य मोडतो. "कढीपत्ता पिवळा पडणे उपाय करताना कढीपत्ता पिवळा पडणे कारणे जाणून घेणे आवश्यक आहे." वाचलंत? हे मराठी आहे का? असं वाक्य वाचून माणूस दोन सेकंदांत मागे जातो. विभक्ती लावा बिनधास्त, गुगलला आता पुष्कळ कळतं, आणि नाही कळलं तरी वाचणाऱ्याला कळायला हवं ना आधी.

मेटा कीवर्डचं तर हसूच येतं. गुगलनं सप्टेंबर 2009 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की क्रमवारी लावताना आम्ही तो टॅग बघतच नाही. या वर्षी त्याला सतरा वर्षं होतील. लेबलचं काम वाचकाला पुढची पोस्ट सापडवून देणं, त्यात "कढीपत्ता, कडीपत्ता, कढीपत्ता लागवड, कढीपत्ता माहिती, कढीपत्ता माहिती मराठी" असं लावलंत की प्रत्येक लेबलचं एक वेगळं पान तयार होतं आणि प्रत्येकात तीच एक पोस्ट.

त्यापेक्षा जे खरंच अडतं आणि मेसेजमध्ये ज्याचा पत्ताच नाही ते सांगते. ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत लिहून तसंच प्रकाशित केलंत की पोस्टचा पत्ता तयार होतो ब्लॉग-पोस्ट आणि पुढे एखादा आकडा, कारण पत्त्यात देवनागरी अक्षरं तो घेत नाही. अशा पत्त्यावरून ना माणसाला काही कळत ना मशीनला, आणि व्हॉट्सॲपवर पाठवला तर नुसता स्पॅम वाटतो. उजवीकडे पर्मालिंकमध्ये (पोस्टचा कायमचा पत्ता) कस्टम निवडून इंग्रजी अक्षरांत छोटा पत्ता स्वतः लिहायचा, आणि तोही प्रकाशित करायच्या आधी. शेजारीच सर्च डिस्क्रिप्शन असतं, ते दिसत नसेल तर सेटिंगमध्ये आधी चालू करावं लागतं. तिथे दोन साध्या वाक्यांत पोस्टमध्ये काय आहे ते लिहा, कीवर्डची माळ नको.

म्हणजे बुकमार्किंग सगळंच टाकाऊ का, तर नाही. पिंटरेस्ट आहे ना, तिथे लोक आजही स्वतःसाठीच साठवतात, रांगोळी, ब्लाउजची डिझाइन, फराळाचे पदार्थ, बाल्कनीतली मांडणी. तुमच्या विषयात चित्र बोलत असेल तर उभा फोटो, त्यावर मोठ्या अक्षरात चार शब्द, आणि दिवाळीची रांगोळी दिवाळीच्या आदल्या दिवशी नाही तर महिनाभर आधी. तिथल्या लिंकाही नोफॉलोच आहेत, पण माणसं येतात, आणि आपल्याला हवी तीच होती. रेडिटवर जायचं तर आधी काही दिवस इतरांच्या प्रश्नांना उत्तरं द्या, फक्त स्वतःची लिंक टाकून पळणाऱ्याला तिथे पहिल्या दिवशीच बाहेर काढतात, आणि बरोबरच करतात.

राहता राहिले 30 दिवस आणि पहिलं पान. गुगलच्याच मदतीच्या पानांवर लिहिलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला काही तासांपासून काही महिन्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. मेसेज पाठवणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, कारण खाली "आमचे पॅकेज" म्हणून दुसरी लिंक आहेच.

आणि ज्यांनी आधीच त्या यादीतल्या साइट्सवर अकाउंट उघडलीयेत, त्यांनी तिथे जीमेलचाच पासवर्ड टाकला असेल तर तो आजच बदला.